बांधाचं माप आणि समलंब चौकोन

नमस्कार मंडळी. आज समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ आणि परिमिती. सूत्र शाळेत सगळ्यांनी घोकलंय, समांतर बाजूंची बेरीज करा, तिची निम्मी घ्या आणि उंचीने गुणा. परत सांगते, उंचीने. तिरक्या बाजूने नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत हेच सांगितलंय, लंबाने गुणा.

ह्यावरून माझ्या मामांची गोष्ट सांगायलाच हवी. मामांचं गाव गोव्यात, पेडण्यात, शापोरा नदीच्या काठाला, खाजन शेती, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीतली भातशेती. खाजन म्हटलं की बांध आलाच, तो नसेल तर भरतीचं खारं पाणी थेट भातात. आणि बांधाला मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार. मानशीवर मिळणाऱ्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, चव बाजारातल्या बर्फातल्या सुंगटांना कधीच येत नाही, हे माझं ठाम मत आहे, असो.

तर एका पावसाळ्यात बांध फुटला, २० मीटरचा तुकडा वाहून गेला. पाऊस ओसरल्यावर कंत्राटदाराचा माणूस टेप घेऊन माप घ्यायला आला, तरुण पोरगा. ओहोटी होती. शेजारच्या धड राहिलेल्या बांधाचा माथा मोजला, दीड मीटर. पाया साडेचार. बांध आडवा कापला तर दिसतो तो समलंब चौकोनच, माथा नि पाया ह्या त्याच्या समांतर बाजू. मग टेप माथ्यावरून उतारावर खाली सोडला, अडीच मीटर. मोबाइल काढून लगेच हिशोब, साडेचार नि दीड सहा, निम्मे तीन, तीन गुणिले अडीच साडेसात चौरस मीटर, आणि लांबी २० म्हणजे १५० घनमीटर माती.

मामा म्हणाले, "बाळा, हे अडीच उताराचं झालं. बांध उभा किती आहे ते बघ."

पोराला कळेना. मामांनी गवंड्याकडची लेव्हलची नळी मागवली, ती पाणी भरलेली पारदर्शक असते ती. एक टोक माथ्याच्या काठाला धरलं, दुसरं पायथ्याशी उभ्या केलेल्या बांबूला, आणि नळीतलं पाणी स्थिर झाल्यावर बांबूवर कोळशाने खूण केली. खुणेपासून जमिनीपर्यंत मोजलं तर दोन मीटर. बरोब्बर दोन. तीन गुणिले दोन सहा चौरस मीटर, सहा गुणिले २० म्हणजे १२०. दीडशे नाही, एकशेवीस! ३० घनमीटर माती, ती पण शेतकऱ्यांच्या खिशातून गेली असती.

पोरगा टेपवरचं अडीच खोडायला लागला तर मामांनी थांबवलं. म्हणाले, "ते ठेव, चिऱ्यांना लागणार." नदीकडच्या उतारावर चिरे बसवायचे होते ना, तिथे उतारच मोजायचा, अडीच गुणिले २०, ५० चौरस मीटर. मातीला उंची, चिऱ्यांना उतार. मला वाटतं मुलांना ट्यूशनला पाठवण्यापेक्षा एक दिवस ओहोटीच्या वेळी अशा बांधावर न्यावं, आणि त्या निमित्ताने आपणही बघावं की आपले खाजनाचे बांध कसे ओस पडत चाललेत, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

बरं, वेळ थोडा उरलाय. निम्मे का घ्यायचे? तसाच दुसरा चौकोन उलटा करून शेजारी चिकटवा, समांतरभुज चौकोन होतो, त्याचा पाया दोन्ही बाजूंची बेरीज, उंची तीच, आपला चौकोन त्याच्या अर्धा. परिमिती म्हणजे चारी बाजूंची बेरीज, इथे मात्र तिरक्या बाजूच धरायच्या: दीड, साडेचार, अडीच, अडीच, झाले ११ मीटर. तिरकी बाजू मोजता येत नसेल तर पायथागोरस. दोन्ही उतार सारखे असले की साडेचारातून दीड गेले तीन, त्याचे निम्मे दीड, दीडचा वर्ग सव्वादोन, दोनचा वर्ग चार, मिळून सव्वासहा, वर्गमूळ अडीच.

घराच्या प्लॉटलाही हेच चालतं, पण आधी सर्व्हे प्लॅनवर दोन बाजू खरंच समांतर आहेत का बघा. नसतील तर हे सूत्र लावू नका, कर्ण ओढून दोन त्रिकोण करा आणि त्यांची क्षेत्रफळं मिळवा.