मसाई पठार: चढ कमी, चकवा जास्त

नमस्कार मंडळी. पन्हाळ्याहून मसाई पठार, चालत जाऊन चालत परत, एका दिवसात. कोल्हापुरात कुणालाही विचारा, "काय नाय त्यात, सपाट तर हाय," असंच ऐकायला मिळेल. सपाट आहे, खरंय. घोळ तिथंच आहे. गड चढताना वाट सुटली तर पुढं झाडी नाहीतर कातळ आडवा येतो, लगेच कळतं. पठारावर वाट सुटलेली कळतच नाही. गुरांनी पाडलेल्या वाटा दहा दिशांना गेलेल्या असतात, त्यात धुकं उतरलं की पुढचा माणूससुद्धा दिसत नाही. मसाईवर माणूस दमत नाही, त्याला चकवा लागतो.

घर सोडायच्या आधी एक आकडा बघा: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे तुम्हाला पाठच असेल. पण पन्हाळ्याचा रस्ता वाघबीळपर्यंत रत्नागिरी रोडनंच जातो, आणि रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून पुराचं पाणी नदीबाहेर पसरलं, की आंबेवाडीजवळ तोच पाण्याखाली जातो. सकाळी कोरड्या रस्त्यानं गेलात आणि पंचगंगा चढती असेल, तर संध्याकाळी परत यायची वाट राहत नाही. पातळी वाढत असेल तर बेत पुढच्या रविवारी ढकला.

कोल्हापूर ते पन्हाळा साधारण 20 किलोमीटर. एसटीनं गेलात तर उतरतानाच परतीची शेवटची गाडी विचारून घ्या. साडेसातला चालायला लागायचं. पठारावरच्या मसाईच्या देवळापर्यंत तीन तास, पावसात साडेतीन. जाऊन-येऊन सात तास, शिवाय जेवणाचा एक. त्यामुळं "जाता जाता जोतिबा, मग तीन दरवाजा, मग मसाई" हा बेत दहा वाजताच कोलमडतो. जोतिबाला वेगळा दिवस द्या.

(पडद्यावर नकाशा)

सुरुवात पन्हाळगडाच्या राजदिंडीपासून (दिंडी म्हणजे छोटा दरवाजा). 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा असताना शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, ते याच बाजूनं. इथून तुरुकवाडीकडचा उतार तसा छोटा, पण घसरून पडणारे बहुतेक इथंच पडतात, कारण दगडावर शेवाळ असतं आणि अंगात नुकताच उत्साह असतो. पाय आडवा टाका, टाचेवर जोर नको. रबरी खिळ्यांचे, आधी वापरलेले बूट घाला. कोल्हापुरी पायताण लग्नासाठी ठेवा. ओलं कातडं फुगून सैल पडतं आणि पाय आतल्या आत फिरतो.

पुढं म्हाळुंगे, मग पठाराचा चढ. भातरोपातून आडवं जाऊ नका. बांधावरून, तेही एकामागं एक.

आता पठार. काठावर पाय ठेवलात की थांबा, मागं वळून बघा आणि चढलेली जागा फोनच्या नकाशावर खूण करून ठेवा. नकाशा घरूनच उतरवून घ्या, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. फोन बंद पडला तर वारा आहे. मसाई पन्हाळ्याच्या पश्चिमेला आहे आणि पावसाळी वारा पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे जाताना पाऊस तोंडावर, येताना पाठीवर. परतताना पाऊस पुन्हा तोंडावर यायला लागला, तर तुम्ही फिरलात. तिथंच थांबा. धुक्यात वाट शोधत फिरायचं नाही, कारण पठाराला कडे आहेत. पंधरावीस मिनिटांत धुक्याला फट पडते, तेवढ्यात खूण बघून घ्यायची. छत्री या वाऱ्यात उलटी होते, टोपीचा रेनकोट बरा. शेतकरी इरलं घेतात ते उगीच नाही: पाठ पूर्ण झाकली जाते आणि हात मोकळे राहतात.

पाणी माणशी दोन लिटर, पावसातही. पठारावर जागोजागी पाणी साचलेलं दिसेल, पण ते गुरांचं.

आणि हे पाणी साचतं का? खाली जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळ, वर जेमतेम मातीचा थर. सत्त्व कमी, ओल भरपूर. म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू ही छोटी रोपं इथं किडे पकडून पोट भरतात. फुलं बघायचीत तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर; सोनकी, तेरडा, गेंद तेव्हाच. जुलैत निव्वळ हिरवळ आणि धुकं. बारा-तेरा जुलैच्या आसपास पावनखिंडीच्या मोहिमांची गर्दी असते, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. काही लोक थेट पठारावर गाड्या घालतात, त्याचा मात्र राग येतो. एका चाकोरीत तो पातळ थर दबतो, पाणी त्यातूनच वाहायला लागतं आणि पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात फूल नाही. गाडी खालीच लावा.

कड्याखाली पांडवदरा लेणी आहेत. पावसात तिकडं उतरू नका. घसरडं आहे आणि वेळेचं गणित बिघडतं.

सप्टेंबर संपत आला की धोका बदलतो. धुकं कमी, पण परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर जमतात आणि वीज पडते. सपाट माळावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्हीच. म्हणून त्या दिवसांत दोनच्या आत पठार सोडायचं. गडगडाट ऐकू आलाच तर एकट्या झाडाखाली जाऊ नका, पांगून सखल भागात उतरा.

पन्हाळ्यावर परत आलात की आधी मोजे काढून पाय कोरडे करा, मग झुणका-भाकरी. गरम भाकरीसमोर बसलं की शेवटची एसटी विसरायला होते, तेवढं घड्याळ बघा.