तीच माणसे, दुसरा कारखाना

(दृश्य: मोटारींची सरकती असेंब्ली लाइन. तिच्या कडेने, डोक्याच्या उंचीवरून गेलेली एक साधी दोरी.)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फ्रिमॉन्ट या गावी, जनरल मोटर्सचा मोटारी जुळवण्याचा एक मोठा कारखाना होता. तेथील कामगार म्हणजे या धंद्यातील सर्वांत वाया गेलेली माणसे, असे त्या काळी उघडपणे म्हटले जात असे, आणि असे म्हणणाऱ्यांत खुद्द कामगार संघटनेचे पदाधिकारीही होते. कामावर न येणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात होते. सोमवारी सकाळी कधीकधी लाइन चालू करण्यापुरतीही माणसे हजर नसत, जी हजर असत त्यांतील काही जण कामाच्या वेळेतच दारू पीत, आणि व्यवस्थापनावरचा राग चक्क तयार होणाऱ्या मोटारींवर निघे. १९८२ मध्ये कंपनीने हा कारखाना बंद केला.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच इमारतीत पुन्हा काम सुरू झाले. या वेळी जनरल मोटर्सबरोबर जपानची टोयोटा भागीदार होती, कारखान्याचे नाव न्यूमी असे ठेवण्यात आले होते आणि रोजचा कारभार टोयोटाकडे होता. नव्याने घेतलेल्या कामगारांपैकी दर पाचांतील चारांहून अधिक जण जुन्याच कारखान्यातले होते. संघटना तीच होती आणि तिचे पुढारीसुद्धा, ज्यांना एखाद्या सावध मालकाने दारातही उभे केले नसते, पुन्हा कामावर घेतले गेले. तरीही काही काळातच गैरहजेरी ३-४ टक्क्यांवर उतरली आणि तेथे तयार होणाऱ्या मोटारी गुणवत्तेत अमेरिकेतील उत्तम कारखान्यांच्या पंक्तीला जाऊन बसल्या.

‘आम्हाला कष्टाळू माणसे मिळत नाहीत’ ही उद्योजकांची नेहमीची तक्रार आहे. ती पूर्णपणे खोटी नाही, पण ती करणाऱ्या प्रत्येकाने फ्रिमॉन्टची ही हकिगत एकदा तरी पाहावी, असे आम्हाला वाटते, कारण माणसाची कार्यनिष्ठा तो सोबत किती घेऊन येतो आणि त्याच्यावरचा माणूस ती किती टिकवतो किंवा किती मारतो, हा हिशेब इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच मांडलेला सापडतो.

(दृश्य: मुलाखतीची खोली. टेबल, दोन खुर्च्या, एक बंद फाइल.)

प्रथम निवडीकडे वळू. कार्यनिष्ठा हा गुण मुलाखतीत पाहण्याची धडपड बहुतेक जण करतात आणि बहुतेक जण फसतात, कारण मुलाखतीत दिसते ते बोलणे. ‘तुम्ही मेहनती आहात का’ या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही’ असे उत्तर दिले असेल, असे वाटत नाही. मनमोकळ्या गप्पांतून माणूस ओळखण्याची कला आपल्याला साधली आहे, असे मानणारे वरिष्ठ अनेक असतात, आणि त्यांची निवड चुकते तेव्हा दोष मात्र उमेदवाराच्या पदरी पडतो.

निवडीच्या पद्धती किती खऱ्या ठरतात, याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होत आला आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अशा ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, आणि पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ती आकडेमोड नव्याने तपासून अनेक पद्धतींचे गुण खाली आणले. दोन्ही आढाव्यांत एक गोष्ट मात्र कायम राहिली. अर्जावर ज्याला सर्वांत ठळक जागा मिळते तो अनुभवाच्या वर्षांचा आकडा पुढील कामगिरीविषयी फारच थोडे सांगतो. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून, आधी ठरवलेल्या कसोटीवर उत्तरांना गुण देण्याची आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा कितीतरी भरवशाची ठरते आणि २०२२ च्या आढाव्यात तर ती सर्वांत वर आहे. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे, ही पद्धतही वरच्या फळीत राहते.

न्यूमीने नेमके हेच केले होते. उमेदवारांची तपासणी तीन दिवस चाले, आणि तीत लेखी परीक्षा, गटचर्चा व मुलाखतींबरोबरच उत्पादनाच्या कामाची बेतीव तालीमही असे.

(दृश्य: एका उमेदवारापुढे ठेवलेला तक्ता. पेन्सिल एका आकड्यापाशी थांबते.)

कामाचा नमुना कसा घ्यावा, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, हिशेबनिसाची जागा भरायची आहे. उमेदवाराला दोन तासांचे खरेखुरे काम द्यावे, त्या वेळेचा मोबदलाही द्यावा, आणि दिलेल्या तक्त्यात एक आकडा मुद्दाम असा ठेवावा की जो बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही. एक उमेदवार तो आकडा आहे तसा पुढे नेतो आणि वेळेआधी काम संपवतो. दुसरा तो आपल्या समजुतीने दुरुस्त करतो, पण कोणाला सांगत नाही. तिसरा उठून विचारतो, किंवा विचारायला कोणी नसेल तर समासात लिहून ठेवतो की हा आकडा संशयास्पद वाटला, म्हणून दोन्ही प्रकारे बेरीज करून दिली आहे. तिघांनीही मुलाखतीत प्रामाणिकपणाविषयी सारखेच सुंदर बोलले असणे सहज शक्य आहे, परंतु हाताखाली कोण हवे, हे त्या समासातील एका ओळीने ठरते.

काम जवळपास झाल्यावर जे उरते, म्हणजे कागद जागेवर लावणे, पुढच्या माणसासाठी टिपण ठेवणे, अर्धवट राहिलेल्या गोष्टी अर्धवट आहेत असे कळवणे, त्याचे कौतुक कोणी करत नाही. पाट्या टाकणारा माणूस नेमका येथे हात राखतो. म्हणून मागील नोकरीविषयी विचारताना सर्वांत मोठे यश कोणते, हा प्रश्न आम्हाला फारसा उपयोगाचा वाटत नाही. ते काम सोडताना तुम्ही ते कोणाच्या हाती, कोणत्या अवस्थेत दिले, असे विचारावे. ज्याने ते मनापासून केले असेल तो बारकावे सांगू लागतो, आणि त्याला थांबवावे लागते.

आता एक इशारा. कार्यनिष्ठ माणूस म्हणजे उशिरापर्यंत बसणारा माणूस, अशी गल्लत सर्रास होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाचे तास आणि उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा आठवड्याला सुमारे ५० तासांपलीकडे उत्पादन वाढण्याचा वेग मंदावतो आणि ७० तास राबणाऱ्यांचे एकूण उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांच्या उत्पादनापेक्षा फारसे अधिक नसते, असे दिसून आले. दिवा कोणाच्या खोलीत उशिरापर्यंत जळतो, यावरून माणसांची किंमत करणारा वरिष्ठ त्यांना बसून राहण्याचेच शिक्षण देत असतो.

(दृश्य: पुन्हा ती दोरी. एक हात वर जातो.)

पुन्हा फ्रिमॉन्टकडे येऊ. जुन्या कारखान्यात एक नियम सर्वांना पाठ होता, तो म्हणजे लाइन कधीही थांबवायची नाही. चुकीचा भाग बसला, एखादा बोल्ट राहिला, तरी मोटार पुढे सरकत असे आणि दुरुस्ती मागाहून वेगळ्या आवारात होई. आपल्या डोळ्यांदेखत झालेली चूक रोज पुढे जाऊ देणाऱ्या माणसाला कामाविषयी आस्था वाटत राहावी, ही अपेक्षाच मुळात अजब होती.

न्यूमीत काम सुरू होण्यापूर्वी शेकडो कामगारांना आणि गटप्रमुखांना टोयोटाच्या जपानमधील कारखान्यात काही आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले. तेथे त्यांनी ही दोरी पाहिली. काम करताना अडचण आली की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो, सूर वाजू लागतो आणि गटप्रमुख त्याच्यापाशी येतो. मोटार आखलेल्या रेषेपर्यंत पोहोचण्याच्या आत अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढून काम पुढे चालू राहते, आणि न सुटल्यास लाइन थांबते. लाइन थांबवण्याचा अधिकार सर्वांत खालच्या माणसाच्या हाती असतो, एवढे सांगून ही गोष्ट बहुतेक ठिकाणी संपवली जाते, पण खरी परीक्षा त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात होते. धावत आलेला गटप्रमुख ‘काय झाले, मी काय करू’ असे विचारतो की ‘कोणी थांबवले’ असे विचारतो, यावर ती दोरी दुसऱ्यांदा ओढली जाईल की नाही, हे ठरते.

नेतृत्वाच्या गुणांच्या याद्या पुष्कळ मिळतात आणि त्यांत दूरदृष्टी, धाडस, वक्तृत्व असे भारदस्त शब्द असतात. कामाच्या जागी माणसांचा निवाडा मात्र फार लहान गोष्टींवर होतो. न्यूमीत व्यवस्थापक आणि कामगार एकाच भोजनगृहात जेवत, आणि साहेबांच्या मोटारींसाठी वेगळी जागा राखून ठेवलेली नव्हती. एवढ्याने कोणी एकनिष्ठ होत नाही हे खरे, पण ‘आपण सारे एक’ असे सांगणाऱ्याच्या तोंडी ते वाक्य निदान शोभते तरी.

नेता समोर नसताना काय होते, ही आणखी एक कसोटी. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस शाळकरी मुलांचे गट करून त्यांना मुखवटे तयार करण्यासारखी कामे दिली होती. ज्या गटांचा प्रमुख हुकूमशाही पद्धतीने वागत असे, तेथे तो खोलीबाहेर गेल्यावर मुलांचे काम झपाट्याने घसरत असे, आणि ज्या गटांत कामाची आखणी मुलांशी बोलून केली जाई, तेथे त्याच्या जाण्याने फारसा फरक पडत नसे. कारखाने आणि कचेऱ्यांना हा प्रयोग सरसकट लागू करणे धाडसाचे होईल, पण साहेब रजेवर गेला की कचेरीचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या मुलांचे नवल वाटणार नाही.

(दृश्य: बढतीच्या पत्रावरची सही.)

मग नेता निवडताना काय पाहावे? येथे धंद्यातील एक जुनी खोड आड येते. जो आपले काम सर्वांत चांगले करतो त्यालाच वर चढवले जाते. विक्री विभागांतील बढत्यांची मोठी पाहणी करून ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त असते, परंतु प्रमुख झाल्यावर त्यांच्या हाताखालील माणसांची कामगिरी तुलनेने खालावते. ज्यांनी आधी इतरांच्या जोडीने विक्री केलेली होती, श्रेय वाटून घेतलेले होते, ते मात्र प्रमुख म्हणून उजवे ठरले. याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. प्रमुखाच्या जागेसाठी उमेदवार पारखताना त्याच्या जुन्या साहेबाला विचारण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या हाताखाली राबलेल्या दोघा-तिघांना विचारणे महत्त्वाचे आहे. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणून ते टाळले जाते.

(दृश्य: मंद गतीने चालणारी लाइन. काही जागा रिकाम्या.)

फ्रिमॉन्टच्या यशावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन वर्षे बेकारीत काढल्यावर कोणीही ताळ्यावर येईल, ही भीतीची करामत होती, नेतृत्वाची नव्हे, असे म्हणणारे म्हणतात. सुरुवातीच्या काही महिन्यांबाबत ते खरेही असू शकेल. परंतु १९८८ मध्ये न्यूमीत तयार होणाऱ्या मोटारीची मागणी चांगलीच घटली, आणि लाइनवरच्या सगळ्या माणसांना पुरेल इतके काम उरले नाही. जुन्या कारखान्यात अशा वेळी काय होत असे, ते सर्वांना ठाऊक होते. या वेळी कोणालाही घरी पाठवले गेले नाही. मोकळ्या झालेल्या कामगारांना प्रशिक्षणाला आणि कामाच्या पद्धती सुधारण्याच्या गटांमध्ये बसवण्यात आले. संघटनेशी करार करताना नोकरीच्या सुरक्षिततेविषयी जे लिहून दिले होते, ते विक्री चांगली असताना पाळणे सोपे होते, पण ते पाळले गेले ते तोट्याच्या दिवसांत.

जनरल मोटर्सने ही पद्धत आपल्या इतर कारखान्यांत नेण्याचा प्रयत्न केला. कॅलिफोर्नियातच व्हॅन नाइज येथील कारखान्यात गटपद्धती आणली गेली, बैठका झाल्या, शब्दही तेच वापरले गेले. परंतु मधल्या फळीतील पर्यवेक्षकांना मिळणारा बोनस दिवसाकाठी किती मोटारी बाहेर पडल्या, यावरच मोजला जात होता, आणि लाइन थांबवणारा कामगार त्या हिशेबात पर्यवेक्षकाचे नुकसान करणाराच ठरत होता. तो कारखाना १९९२ मध्ये बंद पडला.

न्यूमी त्यानंतरही अठरा वर्षे चालली. जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्यावर भागीदारीतून बाहेर पडली, टोयोटाने एकटीने कारखाना चालवायचा नाही असे ठरवले, आणि १ एप्रिल २०१० रोजी फ्रिमॉन्टच्या लाइनवरून शेवटची कोरोला उतरली. लाइनच्या कडेला उभे राहून ती पाहणाऱ्यांत असेही काही जण होते, ज्यांना १९८२ मध्ये त्याच इमारतीतून निकामी म्हणून बाहेर काढण्यात आले होते.

(दृश्य: थांबलेली लाइन. वर दोरी तशीच.)