न्यूब्रिजचे व्हाइटवॉटर

डब्लिनच्या नैर्ऋत्येस सुमारे 45 किलोमीटरवर, किल्डेअर परगण्यात, लिफी नदीच्या काठी न्यूब्रिज हे 24 हजारांहून अधिक वस्तीचे गाव आहे. मुख्य रस्त्यावरून काही पावले चालून गेल्यावर जी मोठी इमारत दिसते, ते व्हाइटवॉटर शॉपिंग सेंटर. 2006 साली ते सुरू झाले, तेव्हा डब्लिनबाहेरच्या सर्वांत मोठ्या बाजारसंकुलांमध्ये त्याची गणना झाली.

हे गाव नेहमीच एखाद्या मोठ्या पोशिंद्याच्या आधाराने जगत आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश घोडदळाची छावणी येथे उभी राहिली आणि सैनिकांच्या गरजा भागवणाऱ्या दुकानदारांनी व कारागिरांनी तिच्याभोवती गाव वसवले. 1922 साली ब्रिटिश फौज निघून गेली, तशी ती गिऱ्हाइकीही गेली. पुढे 1930 च्या दशकात छावणीच्या रिकाम्या आवारात दोर वळण्याचा आणि काटे-चमचे घडवण्याचा असे दोन कारखाने निघाले. त्यांतल्या काटे-चमच्यांच्या कारखान्याचे नाव आजही चांदीच्या मुलाम्याच्या वस्तू आणि दागिने यांमुळे देशभर परिचित आहे.

व्हाइटवॉटर उभे राहिले ते आयर्लंडच्या भरभराटीच्या काळात. डब्लिनमधली घरे परवडेनाशी झाल्यामुळे तरुण कुटुंबे रेल्वेमार्गावरील गावांत येऊन राहत होती, आणि त्यांच्या खरेदीची सोय गावातच व्हावी हा या संकुलामागचा हिशेब होता. मार्क्स अँड स्पेन्सर आणि डेबेनहॅम्स ही दोन मोठी दुकाने येथे आली, चित्रपटगृह आले, आणि त्यांच्या भरवशावर अनेक लहान दुकानांनी गाळे घेतले. अशा संकुलांचे गणित बहुतेक सर्वत्र सारखेच असते. मोठ्या दुकानाला चौरस फुटामागे कमी भाडे पडते, कारण लोक त्याच्यासाठी येतात. लहान दुकानदार त्या वर्दळीचा लाभ घेतो आणि त्यासाठी जास्त दर मोजतो. म्हणून मोठे दुकान बंद पडले की त्याचा फटका शेजारच्या प्रत्येक गाळ्याला बसतो.

2008 च्या आर्थिक कोसळणीत शेजारच्या नास गावातल्या नव्या बाजारसंकुलाचे बांधकाम थांबले आणि तो सांगाडा वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला. व्हाइटवॉटर मात्र त्या काळातूनही तगले.

खरा घाव बसला तो एप्रिल 2020 मध्ये. कोविडच्या टाळेबंदीमुळे दुकाने बंद असतानाच डेबेनहॅम्सने आपली आयर्लंडमधील कंपनी गुंडाळत असल्याचे जाहीर केले. न्यूब्रिजसह 11 दुकाने पुन्हा उघडणार नव्हती, आणि थेट नोकरीवर असलेल्या सुमारे एक हजार जणांना ही बातमी ईमेलने कळली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि अनेकींची कित्येक वर्षे याच कामात गेली होती. नोकरी गेल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे चार आठवड्यांचा पगार मिळेल, असा करार कंपनीने पूर्वी केला होता. प्रत्यक्षात कायद्याने किमान ठरवलेली, म्हणजे साधारण त्याच्या निम्मी रक्कमच त्यांच्या पदरी पडणार होती, आणि तीही सरकारी तिजोरीतून.

तेव्हा कामगारांनी दुकानांच्या दारांवर धरणे धरले. आत अडकलेला माल हीच त्यांच्या हाती उरलेली एकमेव ताकद होती. तो विकून येणाऱ्या पैशातून आपली देणी भागवावीत, एवढीच त्यांची मागणी होती. माल नेण्यासाठी येणारे ट्रक अडवण्याकरिता त्यांनी पावसापाण्यात, रात्री-अपरात्री पाळ्या लावून पहारा दिला. हा लढा 400 हून अधिक दिवस चालला आणि मे 2021 मध्ये मिटला. पदरात पडला तो प्रशिक्षणासाठीचा 30 लाख युरोंचा निधी. कराराची रक्कम मिळाली नाही. ही मागणी न्याय्य होती, असे आम्हाला वाटते, कारण 2015 साली डब्लिनचे क्लेरीज हे जुने दुकान एका दिवसात बंद झाले तेव्हाच, बंद पडणाऱ्या कंपनीच्या कामगारांची देणी सुरक्षित न ठेवणारी कायद्यातली उणीव उघडी पडली होती आणि सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी 2016 साली तीवर उपायही सुचवले होते.

2024 साली आयर्लंडने कायदा सुधारला. दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीलाही आता सामूहिक नोकरकपातीपूर्वी 30 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. करारात कबूल केलेल्या जादा रकमेला कंपनीकडून पैसे येणे असलेल्या इतरांच्या आधी स्थान मात्र या सुधारणेने दिलेले नाही.