चप्पल निसटली तर कळतं का?

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी डॉक्टर नाही. वाशीला एका कार्यालयात हिशेब बघते, राहते इथेच चरईत. आपलं काहीतरी बिघडलंय हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं आणि त्याला नाव मात्र मिळत नाही, त्या दिवसांबद्दल आज बोलायचंय. माझे ते एकोणीस महिने होते.

सुरुवात विळीवर झाली. मेथी चिरायला बसले, मान खाली घातली आणि मानेपासून पाठीतून पायापर्यंत करंट गेला. मान वर केली की बंद. पुन्हा खाली घातली, पुन्हा तेच. आई म्हणाली, बोर्डाला हात लागला असेल. याला लेर्मिटचं चिन्ह म्हणतात आणि मानेतल्या मज्जारज्जूला इजा असली की ते दिसू शकतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग डावा तळवा. कापसावरून चालल्यासारखं वाटायचं. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, टेन्शन आहे, ट्रान्सहार्बरच्या लोकलला रोज उभ्याने जाता, पाय भरून येणारच. ताणाने लक्षणं येत नाहीत असं मी म्हणत नाही. येतात, आणि ती खरीच असतात. पण त्यांनी माझ्या पायाला हातसुद्धा लावला नाही, याचा राग मला आजही आहे.

दुसऱ्यांनी रक्त तपासलं. बी-१२ कमी निघालं. आपल्याकडे, शाकाहारी घरांत तर जास्तच, ते कमी असतं आणि त्यानेही मुंग्या येतात, तोल जातो. इंजेक्शनं घेतली, थोडं बरं वाटलं, घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सापडलेलं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं.

मे महिन्यात उजवा डोळा फिरवला की दुखायला लागला. आरशासमोर टिकली लावताना सहज डावा डोळा झाकला, तर लाल टिकली विटकरी दिसली, धुवून धुवून विटल्यासारखी. डावा उघडला, पुन्हा लालभडक. मी तशीच उभी राहून पाच-सहा वेळा हा खेळ केला आणि हातपाय गार पडले.

न्यूरोलॉजिस्टनी घोट्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा टेकवला, टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला लावलं आणि विचारलं, ‘चप्पल पायातून निसटली तर कळतं का?’ मला रडू आलं. आदल्याच आठवड्यात स्टेशनच्या पुलावर माझी चप्पल मागे राहिली होती आणि मागच्या बाईंनी हाक मारून सांगितली होती.

तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तोही ‘शक्यता’ म्हणून. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली या आजाराचं स्पष्ट वर्णन केलं. शरीराची संरक्षणव्यवस्थाच मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. पण एका रक्ततपासणीत तो पकडता येत नाही. २००१ पासून वापरात असलेले आणि पुढे सुधारत गेलेले मॅकडोनाल्ड निकष, म्हणजे या आजाराच्या निदानाचे नियम, २०१७च्या आवृत्तीपर्यंत दोन गोष्टींचा पुरावा मागायचे: इजा एकाहून जास्त जागी झालीय का, आणि वेगवेगळ्या वेळी झालीय का. कधी रंगद्रव्य टोचून केलेल्या एकाच एमआरआयमध्ये जुने-नवे डाग सोबत दिसतात, कधी मणक्यातलं पाणी तपासून मदत होते, कधी थांबावं लागतं. नुसते पांढरे ठिपके मायग्रेन आणि बीपीवाल्यांच्या एमआरआयमध्येही असतात.

थांबण्याचं अजून एक कारण आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार असाच डोळ्यावर आणि मज्जारज्जूवर घाला घालतो, आणि एमएसची काही औषधं त्यात अपाय करतात. त्याची ओळख पटवणारी रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, २००४ साली सापडली. माझीही ती चाचणी झाली, निगेटिव्ह आली. ‘तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू’ म्हणणारा डॉक्टर आपल्याला टाळतोय असं नातेवाइकांना वाटतं. मलाही वाटलं. पण ज्याने पायाला हात लावून ‘थांबू’ म्हटलं, त्याचं थांबणं हा तपासणीचाच भाग होता.

मात्र नजर गेली, पायातलं बळ गेलं, लघवी अडली, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

त्या तीन महिन्यांत मी वही ठेवली. ‘मुंग्या आल्या’ असं लिहून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ‘१२ ते १९ मे, डाव्या हाताने ब्लाउजचं हूक लागेना’ हे लागतं. चोवीस तासांहून जास्त टिकलं का, हे त्यात बघतात. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अर्धा तास धूसर दिसलं, तर तो सहसा नवा झटका नसतो, उष्णतेने जुनी इजा जाणवते. तेही लिहायचं.

माझं एमएसचं निदान त्या वहीच्या सोळाव्या पानावर पक्कं झालं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, हे मला एका रुग्णताईनेच सांगितलं.

वही आणलीय, बघायची असेल त्यांनी बघा. मागच्या रांगेतल्या काकू मघापासून हात वर करून बसल्यात, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.