सेरॅमिक कोटिंग: बाटली उघडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. घरच्या घरी गाडीला पॉलिश करून वर सेरॅमिक कोटिंग, म्हणजे रंग जपणारा पातळ पारदर्शक थर चढवायचा, असं अलीकडे बऱ्याच जणांच्या मनात असतं. बाटली घरपोच येते, व्हिडिओ पाहून झालेला असतो. आपल्या मराठवाड्यातल्या उन्हात मात्र तीन गोष्टी आधी जुळाव्या लागतात: सावली, थंड पत्रा, छोटा तुकडा, म्हणजे एका वेळी गाडीचा थोडाच भाग. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. सावली, थंड पत्रा, छोटा तुकडा.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वरचा पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर म्हणतात. बहुतेक गाड्यांवर तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. रबिंग-पॉलिश म्हणजे हाच थर किंचित घासून सपाट करायचा. म्हणून दर दिवाळीला रबिंग करून घेणं बरं नाही. गेलेला क्लिअर परत येत नाही. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे, त्याच्या मागे लागू नका.

कोटिंगचा थर तर जेमतेम मायक्रॉनभर. हवेतल्या दमटपणाशी संयोग होऊन तो कडक होतो आणि खाली जे असेल ते तसंच धरून ठेवतो, धूळ असेल तर धूळ, ओरखडा असेल तर ओरखडा. बाटलीवरचं 9एच हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे. त्यानं रस्त्यावरचा उडालेला खडा अडत नाही. विकणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगायला हवं, ते सांगत नाहीत.

आधी धुणं. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत हातमोजा खंगाळायला साधं पाणी. सुगीच्या दिवसांतला फुफाटा, कारखान्याच्या बाजूची काजळी कोरड्या फडक्यानं पुसली की रंगावर गोल गोल चरे पडतात. त्या कोरड्या झटकण्या गाडीतून काढूनच टाका. पाइप तर अजिबात लावू नका. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं; त्या भागात अंगणात पाइप सोडून गाडी धुणं मनाला पटत नाही. चार-पाच बादल्यांत गाडी नीट धुऊन होते. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया पाणी तर नकोच. त्यात क्षार आणखी दाटलेले असतात, ते फरशीला वापरा. शेवटी बादलीभर पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी ओता आणि लगेच टिपून घ्या.

मग क्ले बार, म्हणजे धुऊनही रंगाला चिकटून राहिलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. भरपूर ओला ठेवून हलक्या हातानं फिरवायचा, जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा. मग ड्युअल ॲक्शन मशीननं, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता हलवणाऱ्या मशीननं पॉलिश, पॅडवर चार-पाच थेंब, कडांना आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणानं पुसून पॉलिशचं तेल काढायचं. तेल राहिलं तर कोटिंग धरत नाही.

आता गोष्ट ऐका. अंबाजोगाईकडच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्यांची काळी गाडी. आत्ता सांगितलेलं धुणं, क्ले, पॉलिश त्यांनी मन लावून केलं. महिना मे, वेळ दुपारी चारची, वर हिरवी शेडनेट. शेडनेट म्हणजे सावली, असं त्यांनी धरलं. पण जाळीतून ऊन झिरपतं आणि काळा पत्रा सकाळपासून तापलेला असतो. बाटलीवर लिहिलं होतं, लावल्यावर दोन मिनिटं थांबा. ते त्यांनी तंतोतंत पाळलं. आता, ती दोन मिनिटं वीस-पंचवीस अंशांसाठी असतात. तापल्या पत्र्यावर तेच काम अर्ध्या मिनिटात उरकतं. त्यातून त्यांनी अख्खं बॉनेट एकदमच घेतलं. दुसऱ्या टोकाला पोचून परत पहिल्या कोपऱ्यावर आले, तर फडकं पत्र्याला चिकटायला लागलं. त्यांनी जोर लावून पुसलं आणि पुढं सरकले, दारं, टप, डिकी.

संध्याकाळी गाडी झळकली. सकाळी तिरपं ऊन पडलं आणि बॉनेटभर तेल सांडल्यासारखे इंद्रधनुषी पट्टे दिसले. शॅम्पू लावला, पट्टे तसेच. पेट्रोल लावलं, तसेच. पुतण्या म्हणाला, "काका, अजून एक हात मारू, बरोबर होईल." तो हात मारला आणि पट्टे अधिकच उठून दिसू लागले.

शेवटी डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारे एक वयस्क चाचा आले. त्यांनी बॅटरी तिरपी धरली, बोटाची टोकं फिरवली आणि म्हणाले, "शेठ, हे आता पुसून न्हाई निघायचं. हे घासावंच लागंल." पुतण्यानं विचारलं, "चाचा, काल रात्री बोलावलं असतं तर?" चाचा म्हणाले, "लावल्या-लावल्या दिसलं असतं, तर त्याच्यावरच ताजा थेंब लावून लगेच पुसलं असतं. ताज्यानं जुनं सैल पडतं. रात्रभरात ते घट्ट झालं."

मग चाचांनी हातभर जागेवर आधी सगळ्यात बारीक पॉलिश करून पाहिलं. नाही निघालं. मग मध्यम कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश घेतलं, तेव्हा पट्टा गेला. आधी सौम्य आणि गरज पडली तरच कडक, हा क्रम लक्षात ठेवा, क्लिअर त्यानंच वाचतो. सगळी गाडी परत घासावी लागली. चाचांनी नवं कोटिंग मात्र त्या दिवशी लावू दिलं नाही. म्हणाले, "थंडी पडू द्या."

डिसेंबरात, सकाळी नऊनंतर, दव ओसरल्यावर, पत्र्याच्या बंद शेडमध्ये काम झालं. आधी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. तळहाताची मागची बाजू बॉनेटला लावून पत्रा थंड असल्याची खात्री केली. मग दीड फूट बाय दीड फूट तुकडा, ठोकळ्याला गुंडाळलेल्या मऊ कापडावर आठ-दहा थेंब, आधी उभे हात, मग आडवे. थरावर इंद्रधनुष्य चमकलं की एका फडक्यानं हलकं पुसायचं, दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं शेवटचा हात. पुतण्याकडं एकच काम, प्रत्येक तुकड्यानंतर बॅटरी तिरपी धरून बघायचं. बॉनेटचे सहा तुकडे झाले. सावली, थंड पत्रा, छोटा तुकडा.

लहान गाडीला 30 मिलीची बाटली पुरते. ठोकळ्यावरचं कापड एक-दोन भाग झाले की बदला. वाळलं की त्यावर कडक कण धरतात आणि तेच ओरखडे पाडतात. हातात नायट्राइलचे मोजे, तोंडाला सॉल्व्हंटची वाफ अडवणारा मास्क आणि शेडचं दार थोडं उघडं असू द्या.

पहिले 24 तास पाण्याचा थेंब नको, दवही नको, म्हणून गाडी आतच राहू द्या. सात दिवस शॅम्पू नको. पुढंही बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, कोटिंगवरही क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, नंतर साध्या पाण्यानं धुवा. कडुलिंबाच्या झाडाखाली गाडी लावत असाल तर पक्ष्यांची घाण त्याच दिवशी ओल्या फडक्यानं भिजवून काढा. उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. एकदा हवा लागली की आतलं द्रव हळूहळू घट्ट होतं. शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेला-आरशाला लावायचं असेल, तर त्याच आठवड्यात लावून टाका. नमस्कार.