औषधांना न जुमानणारे जीवाणू रुग्णालयाच्या गटारात कसे वाढतात?

नमस्कार. रुग्णालयाचा कचरा म्हटलं की सुया, सलाइनच्या बाटल्या, रक्ताळलेल्या पट्ट्या आठवतात. त्यांच्यासाठी निदान वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या तरी असतात. पण वॉर्डातले संडास, बेसिन, लॅब, ऑपरेशन थिएटर यांचं पाणी? ते पाइपातून खाली गेलं की विषय संपला, असं आपण धरून चालतो. तिथूनच तर खरा विषय सुरू होतो.

सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक गोळीतून घेतलं, तर त्यातला साधारण 40 ते 50 टक्के भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. आणि तो पोचतो त्याच गटारात रुग्णांच्या विष्ठेतले जीवाणूही असतात, काही तर आधीच औषधांना दाद न देणारे. औषधाची मात्रा इतकी थोडी, की सगळे जीवाणू मरत नाहीत. नाजूक मागे पडतात, चिवट वाढतात. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची: हे चिवट जीवाणू प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊन टाकतात. एनडीएम-1 हे जनुक असंच पसरतं. कार्बापेनेमसारखी, गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेली औषधंही मग चालत नाहीत.

2019 साली जगात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट अशा औषधरोधामुळे झाले, असा अंदाज आहे. सगळ्यांचं मूळ गटारात नाही, हे उघड आहे. पण प्रक्रिया न केलेलं पाणी नदीत सोडणं म्हणजे हे जीवाणू आपल्या हातांनी बाहेर पाठवणं. टायफॉइड, कॉलरा, हिपॅटायटिस ए यांचा धोका आहेच.

मग क्लोरीन टाकलं की झालं का? नाही. मैल्याने भरलेल्या पाण्यात बरंचसं क्लोरीन मैल्यावरच खर्ची पडतं, वर ट्रायहॅलोमिथेनसारखी घातक संयुगं तयार होतात. आधी मैला काढायचा, मग निर्जंतुक करायचं. औषधांचे अंश काढायला ओझोन किंवा सक्रिय कार्बन लागतो, कारण नेहमीचे प्लांट त्यासाठी बांधलेलेच नसतात.

हे अशक्य नाही. थायरॉइडच्या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन-131 दिलेल्या रुग्णांचं सांडपाणी अनेक ठिकाणी वेगळ्या टाकीत साठवतात. दर 8 दिवसांनी त्याची तीव्रता निम्मी होते. पुरेशी उतरली की मगच ते सोडतात. अँटिबायोटिक असलेलं पाणीही असंच रुग्णालयाच्या आवारातच अडवून स्वच्छ करायला हवं, शहराच्या सांडपाण्यात मिसळायच्या आधी. एकदा मिसळलं की तेच काम कितीतरी पट पाण्यावर करावं लागतं.