बी कोण खातंय?

(दृश्य: डोंगरउतार, काटेरी झाड, फुलांवर माश्या.)

हा गेळा. मेढ्यापासून वर महाबळेश्वरपर्यंतच्या उतारांवर हे झाड जागोजाग भेटतं. फुलं उमलतात पांढरी, मग पिवळी पडतात. सातेरी मधमाश्यांचं हे आवडतं झाड. महाबळेश्वरात मधाच्या दुकानात जांभळाच्या आणि हिरड्याच्या मधाशेजारी 'गेळा मध' अशी बाटली दिसते ना, ती याचीच.

आता याच झाडाचं फळ बघा. आयुर्वेदात हे मदनफळ. वमन द्यायचं म्हटलं की वैद्याला पहिलं हेच आठवतं. ठेचून डोहात टाकलं तर मासे गुंगून वर येतात. म्हणजे फुलातला मध पोळीशी खायचा आणि फळ खाल्लं तर ती पोळीसुद्धा बाहेर.

(दृश्य: फोनवर घेतलेलं चित्रण. लहानसं स्वयंपाकघर, काचेची मोठी बरणी.)

हा माझा मावसभाऊ. इंग्लंडमध्ये असतो, घरी मीड करतो. मीड म्हणजे मधाची वाइन. ही बरणी त्याच्या ओट्यावरची आहे, हे आधीच सांगतो. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरात मद्य करणं गुन्हा. तिकडे स्वतःपुरतं केलेलं चालतं, विकता येत नाही. आमच्या आजीच्या ओट्यावर बरण्या आहेत त्या लोणच्याच्या.

कृती ऐकायला सोपी. एक किलो मध, तीन लिटर पाणी, यीस्ट. मधात साधारण ऐंशी टक्के साखर असते, पण एवढ्या घट्ट साखरेत यीस्टला जगता येत नाही. पाणी घातलं की ते जागं होतं, साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. सगळी साखर संपली तर मद्यार्क बारा टक्क्यांच्या आसपास जातो. बरणीच्या तोंडावर पाणी भरलेली वाकडी नळी बसवलेली दिसतेय? आतला वायू तिच्यातून गुळुक गुळुक करत बाहेर पडतो. बूच घट्ट लावून टाकलं तर बरणी फुटते.

मधात यीस्टला लागणारं नत्र मात्र फार कमी. नुसता मध रेंगाळतो. फळ घातलं की थोडं खाद्य मिळतं, रंग येतो, आंबटपणा येतो. त्यामुळे मीड करणाऱ्यांची नजर कायम झुडपांवर. गेल्या ऑक्टोबरात भावाची नजर पडली यू नावाच्या झाडावर.

(दृश्य: गडद हिरवं झाड, लालचुटूक फळं. मागे चर्च आणि थडगी.)

इंग्लंडमधल्या बऱ्याच जुन्या दफनभूमींत हे झाड असतं. फळ मण्याएवढं, लाल, बुळबुळीत, गोडसर. या झाडाचा विषारी नसलेला भाग म्हणजे हा लाल गर, तेवढाच. गराच्या वाटीत बसलेली बी आणि झाडाची पानं यांत टॅक्सिन नावाचं विष असतं आणि ते थेट हृदयावर जातं. त्याला उतारा नाही. पक्षी गर खातात आणि बी अख्खी टाकतात, म्हणून त्यांना काही होत नाही.

भावाचं म्हणणं, बिया काढून गर घालू. त्याने व्हिडिओ कॉल लावला. आजीने फळ पाहिलं, मागची थडगी पाहिली.

"मसणातलं फळ व्हय रं? आन् खायला?"

मग उठली, आत गेली आणि डबा घेऊन आली.

(दृश्य: तळहातावर सुकलेली तपकिरी बोंडं.)

ही बिब्ब्याची बोंडं. बिब्बा हा आंबा-काजूच्या कुळातला. काजूसारखंच खाली बी, वर बोंड. पिकल्यावर बोंड नारिंगी होतं, वाळवून खातात, चव मनुकांच्या वळणाची. बी मात्र काळी, आणि तिच्या सालीत ते तेल. धोबी कपड्यावर खूण करायचे ते याच तेलाने. अंगाला लागलं की उततं. फोड येतात, खाज सुटते, मग खोबरं आणि तीळ लावत बसा. मराठीत चांगल्या कामात लोक 'बिब्बा घालतात' ते काही उगाच नाही.

"बोंड खात्यात. बी कोन खातंय? पन एक बी ऱ्हायली तर?" आजी म्हणाली.

भावाचं उत्तर तयार होतं: आंबवल्यावर सगळं मरतं. आंबवण्याबद्दल हा समज सगळीकडे दिसतो आणि तो अर्धाच खरा आहे. मद्यार्क आणि आम्लामुळे बरेच जंतू मरतात. पण झाडाचं विष म्हणजे जंतू नव्हे, त्याला मरण नाही. उलट बिब्ब्याचं तेल पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळतं. टॅक्सिनही मद्यार्कात उतरतं. म्हणजे बी तोंडात गेली तर थुंकता तरी येते. बरणीत फुटलेली बी महिनाभर मुरत राहते, आणि नंतर प्रत्येक पेल्यात तिचा वाटा. दोनशे फळं सोलताना एखादी बी नखाखाली चिरडणार नाही याची खात्री कोण देणार? मला विचाराल तर हा सौदाच नको.

भाऊ थोडा फुगला. मग फळांचा वाडगा त्याने कचऱ्यात रिकामा केला, ते त्याने कॅमेऱ्यासमोर दाखवलंही.

(दृश्य: पुन्हा बरणी, आत जांभळट रंग.)

ऑगस्टमध्ये तोडून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या ब्लॅकबेरी होत्या, त्या घातल्या. मध गेळ्याचा, इकडून सुटकेसमध्ये नेलेला. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या रात्री नळीतून पहिला गुळुक आला आणि त्याने लगेच फोन लावला. आजीने चष्मा लावून बरणी नीट पाहिली.

"बिया काढल्यास न्हवं?"

"आजी, ह्या खायच्या बिया आहेत."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू इचार त्याला परत."